तारीख बावीस, बॅलन्स दोनशे चाळीस

धाकटा भाऊ किंवा बहीण पुण्यात शिकतेय आणि तिच्या खर्चातला मोठा वाटा तुमच्या पगारातून जातोय? मग हे गणित दोघांनी मिळून मांडायला हवं. तेही जुलैत. बावीस तारखेला मांडून काही उपयोग नाही.

पगाराचा मेसेज आला की पुढच्या दहा मिनिटांत काय काय होतं, बघा. घरभाडं गेलं. बाइकचा हप्ता गेला. एसआयपी गेली. क्रेडिट कार्डाचं बिल गेलं, जरा जास्तच गेलं. आणि मग एक ट्रान्सफर, जिला कुठल्याच अ‍ॅपमध्ये धड नाव नसतं. लातूरहून, जळगावहून, कणकवलीहून पुण्यात शिकायला आलेल्या धाकट्याला. दहा हजार. खाली मेसेज येतो, ‘थँक्स दादा’, सोबत एक अंगठा. संपला विषय.

पुढच्या महिन्याच्या एक तारखेपर्यंत विषय खरंच संपलेला असतो का? बावीस-तेवीस तारखेला फोन केलात तर पलीकडून एकच उत्तर येतं. ‘‘आहेत रे पैसे. टेन्शन नको घेऊ.’’ या ‘आहेत’चा अर्थ दोनशे चाळीस रुपयेही असू शकतो. आणि महिना संपायला अजून आठ दिवस असतात.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या वेळी आम्ही सहा हजारांत भागवायचो. भागवत असाल. पण तेव्हाची कॉट, तेव्हाची खानावळ आणि तेव्हाचं बसचं तिकीट आता उरलेलं नाही. पीएमपीचं किमान तिकीटच बघा. जून २०२५ मध्ये ते पाच रुपयांवरून थेट दहा झालं. एसटीने जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के भाडेवाढ केली. आणि तुम्ही धाकट्याला पाठवता ती रक्कम? ती आली कुठून? बहुतेक घरांत ती मोजून आलेली नसते. ‘दहा’ हा ऐकायला बरा, गोल आकडा वाटतो, म्हणून ती दहा असते.

कॉटचं अर्थशास्त्र

सदाशिव पेठ, नारायण पेठ, नवी पेठ. या भागात चालताना ‘विद्यार्थ्यांसाठी कॉट बेसिसवर जागा’ अशी पाटी दिसली नाही, तर आपण पुण्यात नाही असं खुशाल समजावं. कॉट बेसिस म्हणजे तुम्हाला खोली मिळत नाही. एक पलंग मिळतो, पलंगाखालची जागा मिळते आणि भिंतीवरचा एक खिळा मिळतो. बाकी सगळं सामायिक. बाथरूमची रांग, पंख्याचा स्पीड आणि रात्री लाइट कधी बंद करायचा यावरचं भांडणसुद्धा.

चला, एक महिना कागदावर मांडू. आकडे गणितापुरते आहेत. तुमच्या पेठेत पाचशे इकडे, पाचशे तिकडे होतील. कॉट ३,५०० रुपये. मेस, दोन वेळची, ३,२००. मेसमध्ये नाश्ता नसतो, त्यामुळे सकाळचे पोहे आणि दोन वेळचा चहा धरून रोजचे चाळीस, म्हणजे १,२००. रविवारी संध्याकाळी मेस बंद. (हा पुण्यातला अलिखित कायदा आहे, आणि बऱ्याच ठिकाणी पाटीवर लिहिलेलाही आहे.) त्या चार-पाच रात्रींचे ५००. बस-मेट्रो ७००. रिचार्ज ३५०. झेरॉक्स, प्रिंटआउट, पेनं ४००. साबण, पावडर, कपडे धुणं, केस कापणं ४००.

बेरीज करा. १०,२५०.

म्हणजे दहा हजार पाठवलेत तर पहिल्या दिवशीच अडीचशे कमी. यात सिनेमा नाही. मित्राच्या वाढदिवसाचं कॉन्ट्रिब्युशन नाही. तापाची गोळी नाही, तुटलेली चप्पल नाही. उधळपट्टी शोधायचीच असेल तर शोधा, सापडणार नाही.

याच यादीकडे जरा वेगळ्या नजरेने बघा. कॉट, मेस, नाश्ता आणि रविवारची रात्र मिळून ८,४०० होतात. एकूण खर्चाच्या ८२ टक्के. पर्सनल फायनान्सच्या पुस्तकांत तो पन्नास-तीस-वीसचा फंडा असतो ना, पन्नास टक्के गरजांवर, तीस हौसेवर, वीस बचतीवर? तुमच्या-आमच्यासारख्या पगारदारांना तो ठीक आहे. कॉटवर राहणाऱ्या पोराला तो सांगणं म्हणजे उपाशी माणसाला डाएटचा सल्ला देण्यासारखं आहे. इथे तीस टक्के हौस आणायची कुठून?

म्हणूनच ‘चहा कमी कर’ हा सल्ला मला फारसा पटत नाही. दहा रुपयांचा चहा, दिवसातून दोनदा. पूर्ण बंद केला तर महिन्याचे सहाशे वाचतात, आणि सोबत कट्टाही जातो, जिथे नोट्स मिळतात, इंटर्नशिपची खबर मिळते, बरी रूम कुठे रिकामी होतेय ते कळतं. उलट तीन जणांच्या खोलीऐवजी चार जणांची खोली किंवा कॉलेजपासून दोन किलोमीटर लांबची कॉट, एवढ्या एका निर्णयात महिन्याला हजार रुपये सुटू शकतात. असे निर्णय वर्षातून एकदाच होतात, जुलैत, अ‍ॅडमिशनच्या गडबडीत. नेमकी तेव्हाच ‘मिळेल ती घे, नंतर बघू’ अशी घाई असते. नंतर कोणी बघत नाही.

लांबची जागा घेताना मात्र येण्या-जाण्याचा खर्च भाड्यात मिळवूनच तुलना करा. पीएमपीचा विद्यार्थी पास आणि मेट्रोतली विद्यार्थ्यांची ३० टक्के सवलत, दोन्ही पहिल्याच आठवड्यात काढून घ्यायच्या गोष्टी आहेत. वनाज ते रामवाडी मार्गावर गरवारे कॉलेज, डेक्कन अशी स्टेशनं आहेत, त्यामुळे कोथरूडच्या बाजूची कॉट आता पूर्वीइतकी ‘लांब’ राहिलेली नाही. पण रात्री अकराला अभ्यासिकेतून परतायचं असेल तर शेवटच्या मेट्रोची वेळ बघूनच हो म्हणा. रोजची एक रिक्षा हजाराची बचत आठवड्यात खाऊन टाकते.

आणि मुलींचं गणित वेगळं असतं, हे दादा लोकांनी कृपया समजून घ्यावं. मुलींसाठी सुरक्षित, वॉचमन असलेली, गेटची वेळ पाळणारी जागा महाग पडते. रात्री चालत यायचं अंतर रिक्षाने यावं लागतं. महिन्याच्या खर्चात सॅनिटरी पॅड्स येतात. ‘मी साडेतीन हजारांच्या कॉटवर राहिलो, तुला सहा कशाला लागतात’ हा प्रश्न विचारण्याआधी ती कॉट एकदा आठवून बघा. तिथे तुमच्या बहिणीला ठेवलं असतंत?

खाडा म्हणजे सोनं

मेसचं जग ज्याने अनुभवलंय त्याला ‘खाडा’ हा शब्द समजावून सांगायला नको. ज्यांनी आयुष्यभर आईच्या हातचंच खाल्लं त्यांच्यासाठी सांगते. जेवायला गेलो नाही तो दिवस म्हणजे खाडा. त्याचे पैसे पुढच्या महिन्यात वळते होतात, पण मेसमालकाच्या अटींवर. सलग तीन दिवस तरी हवेत, कुठे चार. आदल्या दिवशी कळवलेलं हवं. एका वेळचा खाडा कोणी धरत नाही.

या अटी मेस लावण्याआधी विचारायच्या असतात. पोरं विचारतात भाजी कुठली आणि चपात्या किती. त्यामुळे होतं काय, की दर शनिवारी मित्राच्या रूमवर खिचडी करून खाणारा आपला भिडू मेसलाही पैसे देतो आणि किराण्यालाही. महिन्यात आठ-दहा वेळा बाहेर जेवणं होत असेल तर महिन्याच्या कार्डापेक्षा कूपन परवडतं. रोज दोन्ही वेळ जाणार असेल तर कार्डच. साधा हिशोब आहे, फक्त तो पहिल्या महिन्यात करायला हवा.

पण खाड्याची खरी गंमत सुट्टीत आहे. दिवाळीचे वीसेक दिवस आणि उन्हाळ्याचे चाळीस, असे वर्षातले साधारण दोन महिने पोरगं घरी असतं. कॉटचं भाडं चालू राहतं, नाहीतर जागा जाते. मेस, नाश्ता आणि रविवारची रात्र मात्र बंद. वरच्या हिशोबाने महिन्याचे ४,९००, दोन महिन्यांचे ९,८००. बहुतेक घरांत त्या महिन्यांत ‘आता घरीच आहे ना’ म्हणून पैसे कमी पाठवले जातात. पाठवले तरी ते सुट्टीत उडतात. आईच्या हातचं जेवण हा खरं तर त्याच्या वर्षातला सगळ्यात मोठा सेव्हिंग प्लॅन असतो, आणि तो कोणाच्या खिजगणतीतही नसतो.

का हवेत हे ९,८००? कारण महिन्याच्या यादीत न बसणारे खर्च. गादी, बादली, कुलूप, टेबल लॅम्प, ३,०००. (तुळशीबाग आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार झिंदाबाद.) परीक्षा शुल्क आणि नाना प्रकारचे फॉर्म, ३,०००. गावाकडच्या चार फेऱ्या, ६,०००. डॉक्टर, २,०००. जर्नल, प्रोजेक्ट, पुस्तकं, अप्पा बळवंत चौकात सेकंड हँड घेतली तरी, ४,०००. झाले १८,०००.

आता वर्षाची बेरीज. १०,२५० गुणिले बारा, त्यातून सुट्टीचे ९,८०० वजा, त्यात हे १८,०००. येतात १,३१,२००. म्हणजे महिन्याला साधारण अकरा हजार. शिवाय दोन महिन्यांचं डिपॉझिट सात हजार, जे परत येणार असतं (त्याबद्दल पुढे).

बघा गंमत. दहा हजार आणि अकरा हजार, फरक महिन्याला हजाराचा. एवढ्यासाठी बावीस तारखेला दोनशे चाळीस का उरतात? कारण खर्च सारखा येत नाही. जुलैत डिपॉझिट, गादी आणि पहिली मेस एकदम येतात. नोव्हेंबरात फॉर्म आणि तिकीट एकदम. पैसे मात्र दर महिन्याला सारखेच येत राहतात. पोरगं जुलैत मित्राकडून पाच हजार उसने घेतं आणि मग मार्चपर्यंत ते फेडत बसतं.

हीच रक्कम वेगळ्या तऱ्हेने पाठवून बघा. जुलैत २८ हजार, पुढचे अकरा महिने दहा-दहा, सुट्टीतही. होतात १,३८,०००, डिपॉझिटसकट जवळजवळ बरोब्बर. जुलैत २८ देणं जड जाईल, कबूल. पण तुमचा बोनस किंवा इन्क्रिमेंट नेमकं कधी येतं? बऱ्याच ऑफिसांत एप्रिल ते जुलैच्याच आसपास. नवा मोबाइल दिवाळीपर्यंत थांबू शकतो.

तिकिटांवरून आठवलं. दिवाळीत खासगी बसवाले जे भाव लावतात त्यावर २०१८ पासून सरकारी मर्यादा आहे, एसटीच्या तेवढ्याच अंतराच्या भाड्याच्या दीडपटीपर्यंत. व्यवहारात ही मर्यादा कितपत दिसते हे लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री स्वारगेटला उभं राहिलेल्या कोणालाही विचारा. बहिणीला मात्र मार्च २०२३ पासून एसटीत निम्मं तिकीट आहे. तिच्यासाठी चार फेऱ्यांचे सहा हजार हा आकडा तेवढा खाली येतो.

वार लावून जेवायचे तेव्हा

पुण्यात शिकायला येणाऱ्या गरीब पोराच्या जेवणाचा प्रश्न काही आजचा नाही. आजोबांना विचारा, ते सांगतील ‘वार लावून’ जेवणाऱ्या मुलांबद्दल. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे आठवड्याचे सात वार सात घरांत वाटलेले. काही जण माधुकरी मागायचे. १९०९ साली पुण्यात सुरू झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाची (आजचं पुणे विद्यार्थी गृह) मुलंही माधुकरीवर शिकली. तिकडे साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ हे सूत्रच केलं. १९५५ साली डॉ. अच्युतराव आपट्यांच्या पुढाकाराने विद्यार्थी सहाय्यक समिती उभी राहिली आणि खेड्यातून आलेल्या मुलामुलींना कमी खर्चात राहायची-जेवायची सोय झाली.

वाराने जेवण्यात मानहानी होती, तिचं कौतुक करण्यात अर्थ नाही. पण एक गोष्ट होती. पोरगं कुठल्या वारी कुठे जेवतं हे सगळ्या वाड्याला माहीत असायचं, आणि एखादा वार रिकामा असेल तर तेही. आज शेजारच्या कॉटवरच्या मुलाने रात्री मेसला जाण्याऐवजी बिस्किटाचा पुडा फोडला, तर ते कोणालाच कळत नाही. कानात इअरफोन, तोंडासमोर मोबाइल, आणि ‘भूक नाहीये यार’.

हीच या विषयातली खरी भीती आहे. पैसे कमी पडले की पोरं आधी काय कापतात? रिचार्ज नाही, कारण त्याशिवाय लेक्चरच्या नोट्सही येत नाहीत. भाडं नाही, कारण मालक दारात उभा राहतो. कापलं जातं ते जेवण. आधी नाश्ता, मग रविवारची रात्र, मग ‘आज एकच वेळ’. डॉक्टरकडे जाणं तर त्याही आधी रद्द झालेलं असतं. याचा परिणाम एका महिन्यात दिसत नाही, परीक्षेच्या आठवड्यात दिसतो.

बोट लावलं की गेले

पूर्वी पाकीट उघडलं की कळायचं, शेवटची पन्नासची नोट आहे. आता पोह्याच्या गाडीवर, झेरॉक्सवाल्याकडे, रिक्षात, सगळीकडे तो काळा-पांढरा चौकोन. स्कॅन केला, चार आकडे दाबले, टिंग. वीस रुपये जाताना आणि दोन हजार जाताना आवाज सारखाच.

यावर एक जुनाच उपाय नव्या कपड्यात चालतो. दोन खाती. एकात तुमचे पैसे येतात आणि तिथूनच भाडं आणि मेस भागतं. उरलेले साधारण साडेतीन हजार एकदम हाताशी ठेवायचे नाहीत. दर सोमवारी आठशे रुपये दुसऱ्या खात्यात, आणि फोनवरचं यूपीआय फक्त त्या खात्याला जोडलेलं. गुरुवारी शंभर उरले तर ते गुरुवारीच कळतं, बावीस तारखेला नाही. वाईट गेला तर आठवडा वाईट जातो, महिना नाही.

२०२४ मध्ये ‘यूपीआय सर्कल’ नावाची सोयही आली आहे. तुमच्या खात्यातून धाकट्याला ठरावीक मर्यादेपर्यंत, महिन्याला जास्तीत जास्त १५ हजार, परस्पर खर्च करू देता येतो. सोय चांगली आहे, आणीबाणीला तर फारच. पण यात त्याचा प्रत्येक वडापाव तुमच्या मोबाइलवर दिसणार. मला विचाराल तर रोजच्या खर्चाला हे लावू नये. एकोणीस वर्षांच्या मुलाला आपल्या भजीचा हिशोब मीटिंगमध्ये बसलेल्या ताईला जातोय हे कळलं, की तो रोख उसने घ्यायला लागतो. मग तुम्हाला काहीच दिसत नाही.

उसनवारीचा दुसरा चेहरा जास्त वाईट आहे. ‘आत्ता घ्या, नंतर द्या’ म्हणणारी आणि पाच मिनिटांत पाच हजार देणारी अ‍ॅप्स. कर्ज देणाऱ्या अ‍ॅपने तुमचे काँटॅक्ट्स आणि कॉल लॉग बघता कामा नयेत, असं रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ च्या नियमांतच सांगितलं आहे. अ‍ॅप इन्स्टॉल होताना काँटॅक्ट्सची परवानगी मागत असेल तर तिथेच थांबायचं. धाकट्याला हे एकदा स्पष्ट सांगा, आणि सोबत हेही, की अडचण आली तर अ‍ॅपच्या आधी मला फोन कर, मी ओरडणार नाही. आणि मग खरंच ओरडू नका.

फी माफ, पुढे काय?

जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने आठ लाखांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि ओबीसी गटातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. मोठा निर्णय. पण फी माफ झाली म्हणजे शिक्षण फुकट झालं असं गावाकडे अनेकांना वाटतं, आणि वरची यादी बघितलीत तर ते किती अपुरं आहे हे लक्षात येईल. कॉट आणि खानावळ माफ झालेली नाही.

राहण्या-जेवण्यासाठी मदत करणाऱ्या योजनाही आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. २०१६-१७ मध्ये ती सुरू झाली तेव्हा मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला ६० हजार ठरले. त्यात जेवणाचे ३२ हजार, राहण्याचे २० हजार आणि निर्वाहाचे आठ हजार. राहण्याचे २० हजार म्हणजे महिन्याला सतराशेच्या आत, आणि आपण कॉटच धरली आहे साडेतीन हजारांची. तरी साठ हजार ही लहान रक्कम नाही. अडचण वेगळी आहे. असे पैसे खात्यात यायला वेळ लागतो. त्यामुळे ते महिन्याच्या बजेटमध्ये धरायचे नाहीत. आले की डिपॉझिट, लॅपटॉप किंवा पुढच्या जुलैसाठी.

विद्यापीठातली ‘कमवा व शिका’ योजनाही अनेकांना माहीत नसते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात ती कर्मवीरांच्याच नावाने आहे. कॉलेजच्या लायब्ररीत, ऑफिसात, बागेत दिवसाला दोन-तीन तास काम आणि तासांप्रमाणे मानधन. पैसे थोडेच, पण काम कॉलेजच्या आवारात, लेक्चर बुडवावं लागत नाही. रात्री डिलिव्हरी करून सकाळी प्रॅक्टिकलला झोपण्यापेक्षा हे कधीही बरं.

शैक्षणिक कर्ज घेतलं असेल तर त्यात बऱ्याच बँका राहण्या-जेवण्याचा वाजवी खर्चही धरतात. अर्ज करतानाच विचारा. हप्ते साधारणपणे कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होतात, व्याज मात्र आधीपासून मोजलं जातं. आणि तुमच्या कामाची एक गोष्ट. जुन्या करप्रणालीत ‘८० ई’ या नावाने ओळखली जाणारी व्याजाची वजावट स्वतःच्या, जोडीदाराच्या किंवा मुलांच्या शिक्षणासाठी आहे, किंवा ज्याचे तुम्ही कायदेशीर पालक आहात त्याच्यासाठी. भावा-बहिणीसाठी कर्ज तुम्ही तुमच्या नावावर काढलंत तर ती मिळत नाही. त्याने स्वतःच्या नावावर काढलं आणि नोकरी लागल्यावर स्वतः फेडलं, तर त्याला मिळू शकते.

स्पर्धा परीक्षावाल्यांचं बजेट हे स्वतंत्र प्रकरण आहे. तिथे खर्च किती यापेक्षा किती महिने हाच प्रश्न. एप्रिल २०२० मध्ये व्हायची राज्यसेवा पूर्वपरीक्षा पुढे पुढे जात राहिली आणि मार्च २०२१ मध्ये अगदी तीन दिवसांवर आली असताना पुन्हा पुढे गेली, तेव्हा नवी पेठेत शास्त्री रस्त्यावर मुलं उतरली. त्या संतापात अभ्यासाचा प्रश्न होता तसा भाड्याचाही होता. तारीख सरकली की आणखी एक भाडं, आणखी एक मेस, अभ्यासिकेची आणखी एक फी. घरात कोणी ही तयारी करत असेल तर ‘किती प्रयत्न’ हे जसं ठरवता, तसं ‘किती महिने, कोणाच्या पैशाने’ हेही सुरुवातीलाच बोला. नंतर ते बोलणं फार जड जातं.

फोनवर काय विचाराल?

‘‘पैसे आहेत ना?’’ या प्रश्नाचं उत्तर ‘‘आहेत’’ असंच येतं. ‘‘जेवलास का?’’ याचंही ‘‘हो’’ असंच येतं. आपल्या घरांत धाकट्यांना माहीत असतं की दादाने स्वतःचं लग्न पुढे ढकललंय, ताईने एमबीए सोडलंय, बाबांचं सोयाबीन यंदा पावसात गेलंय. मागायचं कसं? त्यामुळे ते मागत नाहीत.

म्हणून प्रश्न बदला. ‘‘आज मेसमध्ये भाजी कुठली होती?’’ याचं उत्तर पटकन येत नसेल, तर समजून जा. ‘‘रविवारी रात्री कुठे गेला होतात?’’, ‘‘या महिन्यात खाडे किती?’’ हेही चालतं. चौकशीसारखं न विचारता मेसच्या वरणाची टिंगल करत विचारलं तर माहिती जास्त मिळते. आणि दर तीन महिन्यांनी एकदा, शक्यतो समोरासमोर, कागद घेऊन बसा. त्यात तुमचाही आकडा सांगा. तुमचा पगार किती, भाडं किती, हप्ता किती. तुमच्या आयटीतल्या नोकरीबद्दल धाकट्यांच्या डोक्यात काहीतरी अवाढव्य आकडा असतो किंवा मग विनाकारण अपराधी वाटत असतं. खरा आकडा कळला की दोन्ही कमी होतं.

सोबत एक दोन हजारांची रक्कम ठरवा, जी फक्त आजारपण आणि अचानक गावी जाणं यासाठी आहे आणि जी वापरली तर कारण विचारलं जाणार नाही. न विचारण्याचा शब्द पाळला गेला, तर ती फार क्वचित वापरली जाते असं माझं निरीक्षण आहे. माझ्या मावसभावाच्या खात्यात ती चार वर्षं होती. एकदाच मोडली, डेंग्यूच्या तपासणीसाठी, आणि आम्हाला ते प्लेटलेट्स पूर्ववत झाल्यावर कळलं.

आणि ते डिपॉझिट

सात हजारांचं काय होतं? मे महिन्यात मालक म्हणतो, रंग काढायला गेले, नळ तुटला होता, नोटीस दिली नाही. वर्षभर काटकसर करून वाचवलेले पैसे एका दुपारी जातात. त्यामुळे जुलैत सामान टाकण्याआधी खोलीचे, पंख्याचे, बाथरूमच्या नळाचे फोटो काढून ते मालकाला व्हॉट्सअ‍ॅप करायचे. डिपॉझिटची पावती किंवा निदान ऑनलाइन ट्रान्सफर, रोख नाही. सोडायच्या महिनाभर आधी लेखी कळवायचं. पीजीवाला बिलात जीएसटी लावत असेल तर विचारायचं. जुलै २०२४ पासून, महिन्याला माणशी २० हजारांपर्यंतच्या आणि सलग ९० दिवस किंवा जास्त राहण्याच्या सोयीवर तो लागत नाही.

गादी, टेबल लॅम्प आणि बादली जुलैत येणाऱ्या पुढच्या मुलाला निम्म्या भावात द्यायची, त्यासाठी जूनमध्येच कॉलेजच्या ग्रुपवर टाकायचं. डिपॉझिट परत आलं की ते धाकट्याकडेच राहू द्या, दुसऱ्या खात्यात. पुढच्या जुलैत नवी कॉट बघायची आहे, आणि तिथला मालकही दोन महिन्यांचंच मागणार आहे.